विश्लेषण : मराठीत जोडणारा ‘जगन्नाथाचा रथ’ इंग्रजीत चिरडणारा ‘जगरनॉट’ कसा झाला?

एखादा संघ सलग सामने जिंकत सुटला, एखाद्या पक्षाने एकामागून एक राज्ये काबीज केली किंवा एखाद्या चित्रपटाने तिकीटबारीवर सगळ्यांना मागे टाकले, की इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत एक शब्द हमखास दिसतो : ‘जगरनॉट’. स्पर्धा परीक्षांच्या शब्दसंग्रहातही तो असतो आणि त्यापुढे ‘कशानेही न थांबणारी प्रचंड शक्ती’ असा अर्थ दिलेला असतो. यादी पाठ होते, पण शब्द अर्धाच कळतो. कारण हा शब्द मुळात इंग्रजी नाही. ते पुरीच्या जगन्नाथाचे नाव आहे. ‘जगन्नाथाचा रथ’ हा शब्दप्रयोग मराठीतही आहे आणि त्याचा अर्थ इंग्रजीच्या जवळपास उलट आहे. रथ एकच असताना दोन भाषांत दोन अर्थ कसे तयार झाले, त्यामागचा इतिहास काय आणि हा शब्द वापरताना, भाषांतर करताना कोणती काळजी घ्यायची, याविषयी.

‘जगरनॉट’ शब्दाचा नेमका अर्थ काय?

इंग्रजी शब्दकोशांत या शब्दाचे साधारण चार अर्थ सापडतात. पहिला, जगन्नाथ हा देव किंवा त्याचा रथ. या अर्थी शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल लिहिले जाते. दुसरा, वाटेत येईल ते चिरडत पुढे जाणारी अवाढव्य शक्ती. आज सर्वाधिक वापर याच अर्थाने होतो आणि तेव्हा पहिले अक्षर सहसा लहान असते. तिसरा, ज्याच्यापायी माणसे आंधळेपणाने स्वतःचा किंवा इतरांचा बळी देतात अशी श्रद्धा, संस्था वा कल्पना. चौथा, खास ब्रिटनमधला : रस्त्यावरून धडधडत जाणारा अजस्र मालवाहू ट्रक.

मराठी व्याकरणात शब्दाच्या तीन शक्ती शिकवल्या जातात : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. त्या चौकटीत पाहिले तर देव आणि रथ हा ‘जगरनॉट’चा वाच्यार्थ, न थांबणारी शक्ती हा लक्ष्यार्थ आणि ‘यात माणसे भरडली जाणार’ ही त्यामागून ऐकू येणारी सूचना म्हणजे व्यंग्यार्थ. शब्दसंग्रहाच्या यादीत बहुतेक वेळा फक्त मधला अर्थ असतो.

स्पेलिंगमुळे होणारी गफलत कोणती?

या शब्दाचा शेवट ‘ॲस्ट्रोनॉट’सारखा होतो. त्यामुळे अनेक विद्यार्थी त्याची फोड ‘जगर’ आणि ‘नॉट’ अशी करतात आणि प्रवासाशी संबंध जोडतात. ‘ॲस्ट्रोनॉट’मधला ‘नॉट’ हा ग्रीक भाषेतील खलाशी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. ‘जगरनॉट’चा त्याच्याशी काहीही संबंध नाही. इथला ‘नॉट’ म्हणजे आपला ‘नाथ’. जगत् अधिक नाथ, म्हणजे जगन्नाथ.

पहिल्या अक्षरानंतर येणारा ‘यू’ही बुचकळ्यात टाकतो. जुन्या काळी इंग्रज भारतीय शब्दांतील ‘अ’चा उच्चार ‘यू’ने लिहीत. ‘पंजाब’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो आजही आहे. त्यामुळे या शब्दाचा उच्चार ‘जुगरनॉट’ नव्हे, तर ‘जगरनॉट’ असा होतो.

प्रत्यक्षातला रथ कसा असतो?

पुरीची रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेला निघते. महाराष्ट्रात याच सुमारास पालख्या पंढरीच्या वाटेवर असतात. पुरीत रथ तीन असतात : जगन्नाथाचा नंदीघोष, बलभद्राचा तालध्वज आणि सुभद्रेचा दर्पदलन. त्यांना अनुक्रमे 16, 14 आणि 12 चाके असतात. नंदीघोषाची उंची सुमारे 45 फूट, म्हणजे जवळपास चार मजली इमारतीएवढी भरते. हे रथ दरवर्षी नव्याने बांधले जातात. बांधणीला अक्षय्य तृतीयेला सुरुवात होते आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारे सुतार ते घडवतात.

मंदिरापासून गुंडिचा मंदिरापर्यंतचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे. रथाला ना बैल जुंपलेले असतात ना इंजिन. तो हलतो तो केवळ माणसांच्या हातांनी. जाडजूड दोरांना हजारो भाविकांचे हात लागतात. निघण्याआधी पुरीचा गजपती राजा सोन्याची मूठ असलेल्या झाडूने रथ झाडतो. देवापुढे राजाही सेवकच, असा त्याचा अर्थ. एरवी पुरीच्या मंदिरात बिगरहिंदूंना प्रवेश नाही. यात्रेच्या दिवशी मात्र देवच रस्त्यावर येतो आणि कोणत्याही धर्माच्या, जातीच्या माणसाला त्याचे दर्शन घेता येते.

शब्दाच्या इतिहासात हा मुद्दा महत्त्वाचा आहे. परदेशी प्रवाशांना मंदिराच्या आत काय चालते ते दिसत नव्हते. त्यांना दिसत होते ते रस्त्यावरचे दृश्य : प्रचंड रथ, बेभान गर्दी आणि वळणारी चाके. इंग्रजीतला अर्थ या बाहेरून पाहिलेल्या दृश्यातून तयार झाला.

ही गोष्ट युरोपात कोणी नेली?

या कथेचा एक धागा ठाण्यातून जातो. इटलीतील पोर्देनोने या गावचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू 1320च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रमार्गे ठाण्याला उतरला. त्याच्या थोडे आधी, 1321 मध्ये, ठाण्यात त्याच्या पंथाचे चार धर्मोपदेशक मारले गेले होते. त्यांच्या अस्थी सोबत घेऊन तो पुढे मलबार, कोरोमंडल किनारा आणि तिथून चीनपर्यंत गेला. मायदेशी परतल्यावर 1330 मध्ये त्याने आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला.

त्या वृत्तांतात एका मूर्तीच्या रथयात्रेचे वर्णन आहे. भाविक रथाच्या चाकांखाली स्वतःला झोकून देतात, असे त्यात म्हटले आहे. मात्र ओदोरिकने हे वर्णन ‘मोबार’ म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरच्या प्रदेशाच्या संदर्भात केले आहे, पुरीच्या नव्हे. चौदाव्या शतकातच ‘मँडेव्हिल’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात ही गोष्ट उचलली गेली. ते पुस्तक युरोपात अनेक भाषांत वाचले गेले. म्हणजे पुरीचे नाव इंग्रजीत पोहोचण्याच्या कितीतरी आधी ‘चाकाखाली उडी घेणारे भाविक’ ही प्रतिमा तिथे पोहोचली होती.

इंग्रजीत जगन्नाथाच्या नावाचा सुरुवातीचा उल्लेख विल्यम ब्रुटन याच्या पुस्तकात सापडतो. हा इंग्रज 1633 मध्ये व्यापाऱ्यांच्या तुकडीसोबत ओडिशात आला होता. त्याचे प्रवासवर्णन 1638 मध्ये छापले गेले. त्यातही रथाचे आणि चाकाखाली जाणाऱ्या भाविकांचे वर्णन आहे. जुनी प्रतिमा आणि नवे नाव यांची गाठ इथे पक्की झाली.

भाविक खरेच चाकांखाली उड्या घेत होते का?

अशा घटना घडल्याच नाहीत, असे म्हणता येत नाही. पण ती प्रथा होती, या समजुतीला कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनीच छेद दिला आहे. अँड्र्यू स्टर्लिंग हे अधिकारी ओडिशात नेमणुकीला होते. 1825 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात त्यांनी चार वर्षांच्या यात्रांचा स्वतः पाहिलेला हिशेब दिला. चार वर्षांत अशा तीन घटना. त्यातील एक बहुधा अपघात होता आणि उरलेल्या दोघांना असह्य दुखणे जडलेले होते, असे त्यांनी नोंदवले.

पुढे 1872 मध्ये विल्यम विल्सन हंटर यांनी ओडिशावरील ग्रंथात जुन्या नोंदी तपासून हाच निष्कर्ष काढला. एवढ्या गर्दीत भावनेच्या भरात एखादा माणूस चाकाखाली जाणे अशक्य नाही, पण बहुतांश मृत्यू अपघाती होते, असे त्यांचे म्हणणे. शिवाय जगन्नाथाच्या सान्निध्यात रक्ताचा थेंब सांडला तरी विटाळ मानला जातो. अशा देवाला नरबळी प्रिय कसा असेल, असा त्यांचा रोख होता.

गर्दीचा धोका मात्र खरा होता आणि आजही आहे. 29 जून 2025 रोजी पुरीत गुंडिचा मंदिराजवळ चेंगराचेंगरीत तीन भाविकांचा मृत्यू झाला. पण गर्दीचे नियोजन फसल्याने होणारा मृत्यू आणि देवासाठी स्वेच्छेने दिलेला बळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी शब्दाच्या पोटात दुसरी गोष्ट जाऊन बसली.

मग बदनामी कोणाच्या कामाची होती?

अठराव्या शतकात ओडिशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. 1751 मध्ये हा प्रदेश त्यांच्याकडे आला. कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोरचा अरुणस्तंभ पुरीच्या मंदिरासमोर आणला गेला तो याच मराठा काळात. 1803 च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर झालेल्या देवगावच्या तहाने ओडिशा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. मंदिराची देखरेख कंपनीकडे आली. मराठा काळातला यात्रेकरूंवरचा करही कंपनीने 1806 मध्ये कायदा करून पुन्हा वसूल करायला घेतला.

त्याच वर्षी क्लॉडियस बुकानन हे कंपनीच्या सेवेतील धर्मगुरू पुरीला गेले. त्यांनी रथयात्रेचे अतिशय भीषण चित्र रंगवले. 1811 मध्ये आलेले त्यांचे पुस्तक इंग्लंडमध्ये आवृत्तीमागून आवृत्ती खपले. त्यामागे तेव्हाचा एक वाद होता. मिशनऱ्यांना भारतात मोकळेपणाने काम करू द्यावे की नाही, यावर लंडनमध्ये खडाजंगी सुरू होती. ‘ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजेवर कर घेऊन कमाई करते’ हा आरोप त्या वादात प्रभावी ठरत होता. रथाचे चित्र जितके भयंकर, तितका युक्तिवाद भक्कम. 1813 च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. 1840 मध्ये यात्रेकरूंवरचा कर रद्द झाला. वाद मिटला, पण त्या वादासाठी रंगवलेले चित्र भाषेत कायम राहिले.

देवाच्या नावाचे रूपक कधी झाले?

इंग्रजी साहित्यातील काही खुणांवरून हा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो. शार्लट ब्राँटे यांच्या 1847 मधील ‘जेन एअर’ या कादंबरीत जगरनॉटचा उल्लेख आहे, पण तिथे तो देवाचे नाव म्हणूनच येतो. कार्ल मार्क्स यांनी 1867 मधील ‘भांडवल’ या ग्रंथात कामगाराच्या कुटुंबालाही चाकाखाली ओढणाऱ्या भांडवलशाहीसाठी हेच रूपक वापरले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या 1886 मधील ‘डॉ. जेकिल अँड मि. हाइड’मध्ये एका लहान मुलीला तुडवत जाणाऱ्या हाइडला जगरनॉटची उपमा दिली आहे.

आधी देव, मग देवाची उपमा, मग उपमेशिवाय येणारे रूपक आणि शेवटी साधे सामान्यनाम, असा हा प्रवास आहे. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये अवजड ट्रकला हे नाव मिळाले. 1965 मध्ये मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ कॉमिकमध्ये ‘जगरनॉट’ नावाचा खलनायक आला. एकदा धावत सुटला की तो कशानेच थांबत नाही. आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांची या शब्दाशी पहिली ओळख पुरीमुळे नव्हे, तर या खलनायकामुळे किंवा व्हिडिओ गेममुळे होते.

मराठीत याच रथाचा अर्थ उलटा कसा?

साहित्य संमेलनाचे आभारप्रदर्शन, सहकारी संस्थेची वार्षिक सभा किंवा गणेशोत्सव मंडळाची बैठक, यांपैकी कुठेही एक वाक्य कानावर पडतेच : ‘हा जगन्नाथाचा रथ आहे, सगळ्यांनी हात लावला तरच हलेल.’ मराठीत जगन्नाथाचा रथ म्हणजे एकट्यादुकट्याला न पेलणारे, अनेकांच्या सहभागाने तडीला जाणारे काम. त्यात कुणी चिरडले जात नाही. उलट प्रत्येकाचा हात लागावा, अशी अपेक्षा असते.

इंग्रजी प्रवासी रथाकडे बाजूला उभे राहून पाहत होता. त्याच्या नजरेत भरली ती चाके. मराठी माणसाने हाच रथ दोर हातात घेणाऱ्याच्या जागेवरून पाहिला, त्याच्या लक्षात राहिले ते हात. वस्तू एकच, पण एका भाषेने चाकांवरून रूपक घडवले आणि दुसरीने दोरावरून. म्हणूनच इंग्रजीतला ‘जगरनॉट’ थांबवता येत नाही, तर मराठीतला जगन्नाथाचा रथ ओढल्याशिवाय पुढे सरकत नाही.

भाषांतर करताना कुठे चूक होते?

मूळ शब्द आपला आहे म्हणून ‘जगरनॉट’चे भाषांतर ‘जगन्नाथाचा रथ’ असे करण्याचा मोह होतो. तिथेच अर्थ फिरतो. ‘सत्ताधारी पक्षाचा जगरनॉट विरोधकांना रोखता आला नाही’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे ‘सत्ताधाऱ्यांचा जगन्नाथाचा रथ विरोधकांना रोखता आला नाही’ असे मराठी केले, तर वाचक गोंधळेल. लोकांनी मिळून ओढायचे काम कुणी रोखावे कशाला, असा प्रश्न त्याला पडेल.

त्यामुळे संदर्भ पाहून शब्द निवडावा लागतो :

• निवडणूक किंवा खेळातील सलग यश : ‘विजयरथ’, ‘विजयाचा वारू’, ‘घोडदौड’. इथे कौतुक किंवा दरारा असतो.

• माणसे, वस्त्या, छोटे व्यवसाय भरडणारी ताकद : ‘वरवंटा’ किंवा ‘बुलडोझर’. इथे टीका असते.

• ब्रिटनमधील रस्ते, अपघात यांच्या बातम्या : सरळ ‘अवजड ट्रक’.

• पुरी किंवा रथयात्रेविषयीचा जुना इंग्रजी मजकूर : ‘जगन्नाथ’ किंवा ‘जगन्नाथाचा रथ’. इथे वाच्यार्थच घ्यायचा.

उलट दिशेनेही हीच खबरदारी हवी. ‘आमची संस्था म्हणजे जगन्नाथाचा रथ आहे’ या वाक्याचे इंग्रजीत ‘आमची संस्था जगरनॉट आहे’ असे भाषांतर केले, तर देणगीदारांना ती वाटेतल्यांना चिरडत निघाली आहे असे वाटू शकते. तिथे ‘सामूहिक प्रयत्न’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द योग्य ठरतो.

मग हा शब्द वापरू नये का?

या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात. काहींच्या मते कोट्यवधी लोकांच्या श्रद्धास्थानाच्या नावाला चिकटलेला हा अर्थ अपप्रचारातून आला आहे, तेव्हा तो टाळलेला बरा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की आज हा शब्द वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना पुरी ठाऊकही नसते आणि शब्द मुळापासून इतका दूर गेला आहे की त्यात अवमानाचा हेतू उरलेला नाही.

इंग्रजीत गेलेल्या सगळ्याच भारतीय शब्दांच्या वाट्याला सारखे नशीब आले नाही. ‘पंडित’ तिथे वृत्तवाहिनीवर भाष्य करणारा जाणकार झाला, ‘मुघल’ हा ‘मोगल’ होऊन बडा उद्योगपती झाला. हे अर्थ बदलले तरी कुणाला बोचत नाहीत. तमिळनाडूतील परैयर या समाजाचे नाव मात्र इंग्रजीत ‘पॅराया’ होऊन ‘बहिष्कृत’ या अर्थाने रूढ झाले. एका जिवंत समाजाचे नाव हिणवण्यासाठी वापरले जाते, म्हणून त्याला आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. ‘जगरनॉट’ या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतो. सामना किंवा चित्रपटाच्या मथळ्यात तो खटकत नाही. पण पुरीच्या यात्रेविषयी किंवा एखाद्या श्रद्धेविषयी लिहिताना त्याचा लाक्षणिक अर्थ वापरला, तर दोनशे वर्षांपूर्वीचा जुना आरोप नकळत पुन्हा केला जातो.

असा शब्द शिकायचा कसा?

एक शब्द आणि त्यापुढे एक अर्थ, या पद्धतीने असा शब्द हाती लागत नाही. वहीत त्यासाठी चार नोंदी कराव्यात. मूळ वस्तू कोणती, त्या वस्तूचा कोणता गुण लाक्षणिक अर्थासाठी उचलला, शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो आणि त्याचा सूर कौतुकाचा की टीकेचा. ‘जगरनॉट’च्या बाबतीत मूळ वस्तू रथ, उचललेला गुण वजन आणि वेग, सोबतीला ‘राजकीय’, ‘आर्थिक’, ‘तिकीटबारीवरचा’ यांसारखी विशेषणे, आणि सूर वाक्यागणिक बदलणारा.

परीक्षेत हा शब्द उताऱ्यात आला, तर आधी पहिले अक्षर पाहावे. ते मोठ्या लिपीत असेल आणि मजकूर ओडिशाचा किंवा जुन्या प्रवासवर्णनाचा असेल, तर वाच्यार्थ घ्यावा. वाक्याच्या सुरुवातीला आणि मथळ्यात मात्र कोणत्याही शब्दाचे पहिले अक्षर मोठे असू शकते, म्हणून तिथे या खुणेवर विसंबू नये. त्यानंतर क्रियापद पाहावे. ‘रोखला’, ‘अडवला’, ‘पुढे सरकत राहिला’ या अर्थाचे क्रियापद असेल, तर उत्तर ‘न थांबणारी शक्ती’ हेच. आणि तोच उतारा मराठीत लिहायला सांगितला, तर ‘जगन्नाथाचा रथ’ हे शब्द कागदावर उतरवण्याआधी वाक्यात कुणी कुणाला चिरडते आहे की सगळे मिळून काही ओढत आहेत, एवढे तपासून घ्यावे.